वाचनाचा गुणाकार

१

गेल्या दिवाळीपूर्वी घरातील जुनी लाकडी पेटी आवरताना तीन प्रकारचे कागद हाती लागले. तळाशी पणजोबांच्या काळचे मोडी कागद होते. त्यांतील एक ओळही मला लागली नाही. त्यांच्यावर वडिलांच्या हातचे उर्दू कागद होते. निजामी अमदानीत त्यांचे शिक्षण उर्दूतून झाले होते. तेही मला परकेच. सर्वांत वर आईची वही होती. व्रतांची यादी, दोन-चार आरत्या आणि कोणाकडून किती पायली जोंधळे आले ह्याचा हिशेब, असे सर्व तिने बाळबोध अक्षरांत लिहून ठेवले होते. ती वही मी चाळीत असता दहा वर्षांचा नातू जवळ येऊन बसला. हा मुलगा घरात अस्खलित मराठी बोलतो, शाळेत इंग्रजी माध्यमातून शिकतो आणि कन्नडही वाचतो. वहीचे पान पाहून त्याने विचारले, ‘आजोबा, हे हिंदी आहे का?’

मराठी आहे, असे सांगितल्यावर त्याने वाचून पाहण्याचा प्रयत्न केला. काही अक्षरे त्याला ओळखता आली. ‘घर’ हा शब्द त्याने ‘घरा’ असा वाचला आणि अर्थ न लागल्यामुळे वही मिटून ठेवली. शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातला होता. तरी कागदावर तो त्याला ओळखू आला नाही.

मोडी आपण दोन पिढ्यांत गमावली. ती कोणी हिरावून घेतली असे म्हणता येत नाही. ती शाळेतून गेली, व्यवहारातून गेली आणि घरी शिकवावी असे कोणाला वाटले नाही. बाळबोध लिपीचेही आपल्या भागात तसेच होऊ घातले आहे, हे त्या एका प्रश्नाने ध्यानात आले.

मुलांना वाचायला-लिहायला कसे शिकवावे ह्याविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. ‘पुराव्यावर आधारलेले अध्यापन’ हा शब्दप्रयोग सरकारी परिपत्रकांपासून स्वयंसेवी संस्थांच्या पत्रकांपर्यंत सर्वत्र आढळतो. हा पुरावा नेमका कशाचा आहे, तो आपल्या लिपीला कितपत लागू पडतो, आणि बिदर-कलबुर्गीकडील मराठी घरातल्या मुलाला त्याचा उपयोग काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

आपल्याकडे ह्या विषयावर बोलणे निघाले की जुन्या पिढीचे एक ठरलेले उत्तर असते : ‘आम्ही धूळपाटीवर शिकलो, आमचे काय बिघडले?’ ह्या उत्तरात काही तथ्य आहे आणि एक मोठी चूकही आहे.

तथ्य असे की, पंतोजींच्या पद्धतीत मूल अक्षर बोटाने गिरवीत असे आणि त्याच वेळी त्याचा उच्चार मोठ्याने करीत असे. डोळा, हात, जीभ आणि कान एकाच अक्षरापाशी एकत्र येत. माँटेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवावयास दिली, त्यामागचे तत्त्व हेच होते. इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट ह्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अद्याप वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी जी अक्षरे हाताने लिहिली होती, ती पाहताना त्यांच्या मेंदूतील वाचनाशी संबंधित भाग जागे झाले. कळफलकावर टंकलिखित केलेल्या अक्षरांनी तसे घडले नाही. धूळपाटीला मिळालेला हा उशिराचा दाखलाच म्हणावयाचा.

चूक अशी की, ‘आम्ही शिकलो’ असे म्हणणारे हे नेहमी शिकलेलेच असतात. जे शिकले नाहीत ते साक्ष द्यायला येत नाहीत. माझे प्राथमिक शिक्षण भालकी तालुक्यातील एका मराठी शाळेत झाले. पहिलीत बरोबर बसलेल्यांपैकी चौथीपर्यंत निम्मेही उरले नव्हते. जे गळाले त्यांच्याविषयी ‘त्याचे डोके चालत नव्हते’ एवढेच सांगितले जाई. पद्धतीचा दोष मुलाच्या डोक्यावर ढकलण्याची ही सवय जुनी आहे आणि ती अजून गेलेली नाही. पुरावा मागण्याचा पहिला लाभ हा की, तो न शिकलेल्या मुलालाही मोजणीत धरतो.

पुढे मराठीत बालशिक्षणाचा नवा विचार आला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ ह्यांनी आदिवासी मुलांसाठी केलेले काम मराठी वाचकाला परिचित आहे. अक्षरांच्या आधी गाणे, गप्पा, चित्र आणि मातीकाम असावे, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. पण ह्या विचाराचा प्रसार होताना त्याचे एक सुलभ रूप झाले. अक्षरे घोटून घेणे म्हणजे जाच आणि ती लांबणीवर टाकणे म्हणजे आनंद, अशी समजूत रूढ झाली. मग शिक्षकांत दोन पक्ष पडले. एक अक्षरांपासून शब्दाकडे जाणारा, दुसरा वाक्यापासून अक्षराकडे येणारा. दोघांनाही आपापल्या बाजूचे चार हुशार विद्यार्थी दाखवता येत.

इंग्रजी जगातही हाच वाद झाला. १९६७ साली केनेथ गुडमन ह्यांनी वाचन हा संदर्भावरून अंदाज बांधण्याचा खेळ आहे असे प्रतिपादन केले आणि त्या विचाराने कित्येक देशांतील वर्ग भारावून गेले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने उपलब्ध प्रयोगांची छाननी केली. ध्वनींची जाण, ध्वनी व अक्षर ह्यांचा क्रमवार संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन, ह्या पाचही अंगांचे प्रत्यक्ष अध्यापन व्हावे लागते, असा निष्कर्ष मंडळाने काढला. चांगला वाचक अंदाज बांधत नाही. तो शब्दातील अक्षरे खरोखर पाहतो, हे आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

३

परंतु इथे सावध राहिले पाहिजे. इंग्रजीचा निष्कर्ष उचलून मराठीला चिकटवणे हा पुरावा नव्हे. इंग्रजीत अक्षरे सव्वीस. अडचण आहे ती एकेका अक्षराच्या अनेक उच्चारांची. आपल्याकडे अडचण निराळी आहे. मराठीत सुमारे छत्तीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली की चारशेहून अधिक रूपे होतात. जोडाक्षरे त्यांहून वेगळी. कन्नडमध्ये काही वेगळे नाही. तेथेही कागुणित आहे आणि व्यंजनाखाली लिहावयाची ओत्ताक्षरे आहेत. डॉ. सोनाली नाग ह्यांनी कन्नड शिकणाऱ्या पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवून दिले की, अक्षरांची पूर्ण ओळख होण्यास कन्नड मुलाला तीन-चार वर्षे लागतात. इंग्रजी वर्णमालेसारख्या लिप्यांना त्यांनी ‘मर्यादित’ आणि आपल्या लिप्यांना ‘विस्तृत’ म्हटले. विस्तृत लिपीचे मूल दुसरीच्या अखेरीस अडखळत असेल तर ते मठ्ठ ठरत नाही. त्याचे काम अद्याप चालू असते. मात्र ते काम चालू ठेवणारे कोणी तरी हवे. दुसरीनंतर अक्षरे शिकवण्याचे थांबवून धड्यांवर उडी घेतली की मूल मध्येच लोंबकळत राहते.

देवनागरीच्या स्वतःच्याही काही खोडी आहेत. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहिला जातो आणि नंतर उच्चारला जातो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता ह्यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात, असा इकार असलेले शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो असे आढळले. ‘र’ तर सोंगाड्याच आहे : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटाशी लागतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाखाली जातो आणि ‘सुऱ्या’मध्ये आडवा होतो. ‘चहा’तला च आणि ‘चाका’तला च लिहिताना एक, म्हणताना दोन. आणि शब्दाच्या शेवटचा अकार आपण लिहितो, पण बहुधा उच्चारीत नाही.

ह्या शेवटच्या खोडीपाशीच माझा नातू अडला होता. कन्नडमध्ये लिहिलेला अकार उच्चारला जातो. ‘राम’ हे नाव तिकडे शेवटच्या म-मधील अ पूर्ण म्हणून उच्चारतात. त्या सवयीने त्याने ‘घर’चे ‘घरा’ केले. ही चूक अज्ञानाची नव्हती. एका लिपीचा नियम त्याने इमानाने दुसरीला लावला होता. आपल्या भागात मराठी शिकवणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असेल तर एका वाक्यात दुरुस्ती होते. ठाऊक नसेल तर तो मुलाला ‘तुला येत नाही’ असे सांगून मोकळा होतो.

४

मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही भाषांतील आरंभीच्या वाचन-लेखनाचा एकत्र अभ्यास करणारा एक महत्त्वाचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. शैलजा मेनन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अझीम प्रेमजी विद्यापीठ व टाटा ट्रस्ट ह्यांच्या वतीने तो सिद्ध केला. पहिलीतील मुलांचा तिसरीपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, मागोवा घेण्यात आला. मराठीसाठी क्षेत्र निवडले होते पालघर आणि कन्नडसाठी यादगीर, म्हणजे पूर्वी गुलबर्गा जिल्ह्याचाच भाग असलेला प्रदेश. आपल्या उंबरठ्यावरचा हा पुरावा आहे; त्यामुळे त्याची दखल घेणे आपले कर्तव्यच ठरते.

अहवालातील चित्र सुखावणारे नाही. तिसरीपर्यंत पोचूनही अनेक मुलांना साधे शब्द आणि लहान उतारे धड वाचता येत नव्हते. अभ्यासक्रमात अक्षरे फार संथ गतीने येत होती. त्यामुळे वाचण्याजोगा मजकूर मुलाच्या हाती पडेपर्यंत बराच काळ जाई. लेखन म्हणजे बहुतांशी फळ्यावरचे उतरवून काढणे; मुलाने स्वतःच्या मनातले काही लिहावे ही अपेक्षाच नव्हती. गोष्टी वाचून दाखवणे आणि त्यांवर बोलणे ह्याला वर्गात जागा नव्हती. एका पक्षाचा आग्रह असलेली अक्षरे नीट शिकवली जात नव्हती आणि दुसऱ्या पक्षाला प्रिय असलेला अर्थही शिकवला जात नव्हता. भांडण दोघांचे आणि उपाशी राहिले मूल.

ह्याच संदर्भात कर्नाटकातील ‘नली-कली’ पद्धतीचा विचार केला पाहिजे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली. ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांपासून तिने प्रेरणा घेतली होती, आणि २००९-१० पासून ती राज्यभर नेण्यात आली. हिच्यात अक्षरे अ-आ-इ-ई ह्या क्रमाने येत नाहीत. आरंभ र, ग, स, द, अ असा होतो. आपल्याकडील आजी-आजोबांनी, कन्नड काय आणि मराठी काय, ह्या क्रमाची पुष्कळ थट्टा केली. ‘पोराला धड अ आ येत नाही’ ही तक्रार मीही केली आहे. विचार करता ती तक्रार चुकीची होती असे म्हणावे लागते. वर्णमालेचा परंपरागत क्रम हा व्याकरणकाराचा आहे. कंठ, तालू, मूर्धा अशी उच्चारस्थानांची ती अप्रतिम मांडणी आहे. परंतु ज्याला वाचता येते त्यालाच ती कळते. शिकणाऱ्याला हवी असतात ती थोड्या श्रमात शब्द करून देणारी अक्षरे. नली-कलीचे उणे तिच्या क्रमात नसून गतीत आणि गोष्टींच्या दुष्काळात आहे, असा माझा त्या अहवालाच्या वाचनानंतरचा अभिप्राय आहे.

मराठीत ह्या दिशेने सर्वांत विचारपूर्वक काम ज्यांनी केले त्यांत डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जन्माने अमेरिकन असलेल्या ह्या विदुषी १९६१ साली भारतात आल्या. फलटणच्या बोलीतील भेदांवर त्यांनी भाषाशास्त्रीय प्रबंध लिहिला, भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. अक्षरांचे छोटे गट, प्रत्येक गटासोबत काना-मात्रा, त्यांतून लगेच तयार होणारे शब्द, आणि ह्या सर्वांबरोबर पहिल्या दिवसापासून गोष्टी व मुलांचे स्वतःचे लेखन, अशी त्यांच्या वाचनपद्धतीची बांधणी आहे. अक्षर आणि अर्थ ह्यांची फारकत तिने मानलीच नाही. बोलीचा अभ्यास केलेल्या व्यक्तीने ही पद्धती घडवली, ही गोष्टही लक्षणीय आहे. मुलाची बोली हा अडथळा आहे असे त्यांना वाटले नाही. वाचनाचे भांडवल तेच, हे त्या जाणून होत्या.

तिसरी परंपरा ‘प्रथम’ची. माधव चव्हाण व फरीदा लांबे ह्यांनी मुंबईच्या वस्त्यांतून १९९०च्या दशकात हे काम उभे केले. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी, ‘बालसखी’, रोज काही वेळ वेगळे बसवून शिकवी. मुंबई आणि बडोदे येथे हा उपक्रम शाळाशाळांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून देण्यात आला आणि त्याची काटेकोर मोजणी झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदींनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात, मागे पडलेल्या मुलांचा लाभ सर्वांत मोठा असल्याचे दिसले. इयत्ता न पाहता मुलाला जे येते तेथून शिकवावे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. पुराव्याचा जयघोष करणारे हा दुसरा भाग सहसा सांगत नाहीत. वाचायला आलेले मूल पुढे वाचीत राहिले नाही, तर आलेले जाते. ह्या प्रयोगातून मी घेतो तो बोध हाच.

मोजणीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा देशाला जागे करतो, म्हणून तो मोलाचा आहे. पण ती चाचणी मोठ्याने वाचण्याची आहे; वाचलेले मुलाच्या मनात कुठे पोचले हे ती विचारीत नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावे असे २०२६-२७पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट चांगले आहे. मात्र मिनिटाला किती शब्द एवढ्यावरच सारे येऊन थांबले, तर आपण घोकंपट्टीला घड्याळ लावले इतकेच होईल.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. लिपी उलगडण्याची शक्ती आणि भाषा समजण्याची शक्ती ह्या दोहोंचे फळ म्हणजे वाचन. त्यांनी हा संबंध बेरजेचा मानला नाही, गुणाकाराचा मानला. बेरजेत एक बाजू शून्य असली तरी दुसरी काही तरी शिल्लक ठेवते. गुणाकारात एक शून्य झाले की सर्व शून्य.

हे सूत्र आपल्या घरांना लावून पाहावे. माझ्या नातवाला मराठी भाषा पूर्ण येते. लिपी येत नाही. फळ शून्य. शाळेत त्याला इंग्रजी लिपी उलगडता येते. पण पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या शब्दांमागे त्याच्याजवळ भाषाच नव्हती. तो खणखणीत वाचीत असे आणि त्याला काही कळत नसे. तेथेही फळ शून्याच्याच जवळ. एका बाजूला अर्थ आहे आणि अक्षर नाही, दुसऱ्या बाजूला अक्षर आहे आणि अर्थ नाही. सीमेवरच्या मुलाची शोकांतिका ही अशी दुहेरी आहे, आणि परीक्षेतील गुण ती झाकून ठेवतात.

ह्यातील कोणती बाजू भरणे सोपे, हे पाहिले की उत्तर आपोआप मिळते. भाषा घडवायला वर्षे लागतात. ती घरात, अंगणात, भांडणात आणि लाडात घडते. मराठीची ती बाजू आपल्या मुलांच्या बाबतीत आयती भरलेली आहे. उणी आहे ती लिपी. आणि जे मूल कन्नड वाचते त्याला अक्षर, काना, मात्रा आणि जोडाक्षर हे तत्त्व आधीच अवगत असते. त्याला आकृत्या बदलून घ्यावयाच्या असतात. म्हणजे कन्नड ही मराठीची वैरीण नसून येथे तिची शिक्षिका होऊ शकते. ज्या भागात माणिकप्रभूंनी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत पदे रचली, त्या भागाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

इतिहासही हेच सांगतो. निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून होते. १९०७ साली गुलबर्ग्यात नूतन विद्यालयासारखी संस्था उभी राहिली. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू ह्यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही हकीकत आपल्याकडे आजही आदराने सांगितली जाते. मातृभाषेच्या अक्षरांसाठी कानडी आणि मराठी माणसाने एकाच राज्यात सारख्याच अडचणी सोसल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. आपल्या जिल्ह्यांतील मराठी शाळांना ह्या कलमाचा आधार आहे. पण कलम शाळा देते. पट देत नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची आहे, असा निर्णय दिला. आणि निवड आपल्या हाती आल्यावर आपण काय निवडले, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. मीही दोष दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही. नातवाच्या शाळेच्या अर्जावर माझीच सही आहे.

संशोधकांनाही एक सांगावेसे वाटते. त्यांच्या अहवालात यादगीरची कन्नड आहे आणि पालघरची मराठी आहे. ह्या दोहोंच्या मध्ये उभे असलेले भालकी-बसवकल्याणचे मूल त्यात नाही. हे मूल घरी ‘काय करलालास?’ असे विचारते, अंगणात दखनी बोलते, शाळेत कन्नड वाचते आणि शिकवणीत इंग्रजी घोकते. एकभाषी मुलासाठी केलेली मोजपट्टी त्याला लावली की ते सर्वच भाषांत थोडे थोडे उणे दिसते. चार भाषांत मिळून त्याच्याजवळ काय आहे हे मोजले, तर चित्र निराळे दिसेल.

६

मग आपण करावे काय? मी स्वतः केलेली चूक आधी सांगतो. दिवाळीनंतर नातवाला घेऊन बसलो आणि अ ते ज्ञ असा तक्ता भिंतीवर लावला. पंधरा दिवसांत तो कंटाळला आणि मी रागावू लागलो. तेव्हा तक्ता काढला आणि चार अक्षरे घेतली : क, म, न, र, आणि सोबत फक्त काना. एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, मान, मका, राम असे शब्द झाले. ‘मामा, नका ना!’ हे वाक्य त्याने स्वतः जुळवले आणि मोठ्याने हसला. शेवटचा अ म्हणायचा नाही, हे त्याला एकदाच सांगावे लागले. मग दर आठवड्यास दोन-तीन अक्षरे आणि एक मात्रा अशी भर घालीत गेलो. रोज रात्री त्याची आजी एक गोष्ट वाचून दाखवी. आणि दिवसातून दोन ओळी त्याने आपल्या बोलीत, जशा तोंडी येतील तशा, लिहावयाच्या असा नेम ठेवला. ‘करलालाव’ लिहिले तर मी तांबडी रेघ मारली नाही. प्रमाण रूप पुढे पुस्तकातून येणारच आहे. आधी लेखणी आणि जीभ ह्यांची ओळख व्हावी.

एका मुलाच्या हकीकतीस मी पुरावा म्हणणार नाही. वर ज्या चुकीवर बोट ठेवले तीच मग माझी होईल. पण अक्षरांचे गट, मात्रांची लवकर ओळख, हाताने गिरवणे, रोजची गोष्ट आणि स्वतःचे लेखन, ह्या प्रत्येक गोष्टीमागे आज संशोधनाचा किंवा दीर्घ अनुभवाचा आधार आहे. त्यांतील एकीलाही पैसा लागत नाही. घरातील एक प्रौढ माणूस आणि दिवसातील अर्धा तास पुरतो. आपल्या मंडळांनी संक्रांतीचे तिळगूळ आणि कोजागरीचे दूध ह्यांच्या जोडीला उन्हाळ्याच्या सुटीत असा एक वर्ग चालवला, तर भाषेच्या अभिमानाची दहा भाषणे वाचतील.

साहित्यविषयक त्रैमासिकात मुळाक्षरांचा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. साहित्य वाचकावर उभे असते आणि वाचक अक्षरावर. आज हे पान वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी, त्यांच्यामागे, ते वाचू शकणारे कोणी आहे, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

आईची वही अजून पेटीत परत ठेवलेली नाही. नातू तिच्यातले हिशेब आता वाचतो. आरत्यांतील जोडाक्षरांशी अडखळतो. परवा त्याने विचारले की पायली म्हणजे किती. ते मला सांगता आले. मोडी कागदांविषयी विचारले असते तर सांगता आले नसते.